कालचा पाव

२ फेब्रुवारी

शेपटे,

पत्ता तुझ्या लेकीकडून काढून घेतला. तिला रागावू नकोस. ती द्यायला तयार नव्हती. मी तीनदा फोन केला आणि चौथ्यांदा आवाज जरा रडका केला, तेव्हा तिनं दिला. तुला मनस्ताप होईल असं काही लिहायचं नाही, अशी अट मात्र घातली. मी काय लिहिलं म्हणजे तुला मनस्ताप होत नाही, हे काही तिला सांगता आलं नाही. म्हणून नुसतं कामाचं लिहिते.

मी दोन वर्षांपासून नोकरी करते. हस. तुझे भावोजी निवृत्त झाले आणि दिवसभर माझ्यामागे उभं राहून मला कांदा कसा चिरायचा ते शिकवायला लागले. पंधरा दिवस ऐकलं आणि मग मीच घराबाहेर पडले. मोठ्या इस्पितळाच्या मागे एक वसतिगृह आहे. ज्यांचं माणूस आत खाटेवर आहे अशा लोकांसाठी. तिथल्या स्वयंपाकघरात मी आहे. साठ-पासष्ट पानं असतात.

समोरच्या बेकरीतून रोज सकाळी पावाचे क्रेट येतात. पाव उरतो. कारण सोपं आहे. माणूस जेवायला बसतो, वॉर्डातून बोलावणं येतं, तो अर्ध्या ताटावरून उठून धावतो. ताटातलं टाकावंच लागतं, पण टोपलीतले, कुणी हात न लावलेले दहा-अकरा पावही रोज उरतात. आमच्या मॅनेजरबाई नव्या आहेत, वयानं तुझ्या लेकीएवढ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं: शिळा पाव सगळा टाकायचा, इथे आधीच आजारपणं आहेत.

मी म्हटलं, "बाई, तो शिळा नाही, कालचा आहे."

त्या म्हणाल्या, "दोन्ही एकच ना?"

आईनं 'शिळा' हा शब्द पावाला कधी लावू दिला नाही, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? आठवतं ना, तू पाच वर्षांची असताना बोलून गेलीस आणि आईनं ताट ओढून घेतलं होतं. "शिळा म्हणजे ज्याचं आता काही होत नाही तो. हा कालचा आहे. याचं काय करायचं ते अजून ठरायचंय." मी त्या बाईंना आईचं सगळं वेळापत्रक ऐकवलं. एका दिवसाचा पाव तव्यावर. दोन दिवसांचा भिजवायला. तीन दिवसांचा वाळवून चुरा करायला. चौथ्या दिवशी जो राहील तो सूप दाट करायला. आणि हिरवा ठिपका दिसला तर चर्चा न करता बादलीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि मला एक महिना दिला. लोकांनी आवडीनं खाल्लं तर पुढे चालू, नाहीतर बादली.

चुऱ्याचं माझं छान जमलं. लसूण, तेल, लाल तिखट घालून कढईत खमंग परतायचा आणि उकडलेल्या भाजीवर वरून भुरभुरायचा. बेचव फ्लॉवरसुद्धा लोक मागून घेतात. बटाट्याच्या टिकियांना बाहेरून चुरा आणि आतून भिजवून पिळलेला पाव, म्हणजे त्या फुटत नाहीत. सूपही होतं. पण टोपडं होत नाही. तीनदा केलं. वाडग्याला आतून पावाचे काप लावले, मध्ये शिजवलेली सफरचंदं भरली, दूध-अंडं ओतलं, भाजलं, उपडं केलं आणि तिन्ही वेळा ते बसकण मारून बसलं. बाळाच्या डोक्यावरचं टोपडं दिसायच्या ऐवजी चिखलात पडलेली टोपी. तिन्ही तुझ्या भावोजींनी खाल्ली. "चवीला बरंय, पण बघवत नाही," म्हणाले.

तुझं कधी बसलं नाही. म्हणून एवढंच विचारायचं आहे: दूध गरम ओततेस की थंड?

राहिलं त्या दिवसाचं. तुझ्या लेकीला शब्द दिला आहे, म्हणून एकच वाक्य. मी त्या दिवशी तुझ्या दुकानात जे बोलले ते कौतुकानं बोलले होते, तू उलटं घेतलंस. झालं, संपलं. मी तो विषय मनातून कधीच काढून टाकला आहे.

तुझी
ताई

१४ फेब्रुवारी

शेपटे,

नऊ वर्षांनी तुझं पत्र आलं. मी दारातच फोडलं. आत एक चिठ्ठी, चिठ्ठीवर एक शब्द. 'थंड.'

सुरुवातीला काही नाही, शेवटी सही नाही. तुझ्या भावोजींनी कागद उलटा करून मागे बघितलं, मग उजेडात धरून बघितलं. म्हणाले, "तारेला शब्दाचे पैसे पडायचे तेव्हाही लोक याहून जास्त लिहीत." मी म्हटलं, ती माझ्याशी बोलली, तुम्ही गप्प बसा.

थंडच बरोबर. गरम दुधानं पाव घाबरून लगेच विरघळतो. थंड दूध सावकाश आत शिरतं, तासभर झाकून ठेवायचं आणि मगच भट्टीत. मी आयुष्यभर गरम ओतत आले, कारण आईच्या हाताखाली मी तुझ्याआधी सहा वर्षं होते, तेव्हा मला सगळं येतच असणार. आई थंडच ओतायची का गं? मी कधी नीट बघितलंच नव्हतं. तू शेपटासारखी तिच्या मागे मागे असायचीस, तू बघितलं असणार.

मंगळवारी आठ वाडगी उपडी केली. आठही उभी राहिली. मी मॅनेजरबाईंना हाक मारून आणलं. त्यांनी बोटानं दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "हे त्या पावाचं?" मी म्हटलं, त्याच.

इथे एक आजोबा आहेत. त्यांची बायको तीन आठवडे आत आहे. ते जेवायला येतात, दोन घास खातात, घड्याळ बघतात आणि वर पळतात. मंगळवारी ते पुन्हा खाली आले आणि विचारलं, "ते गोड आहे का अजून?" मी वाढलं. आतून मला बशी खरवडल्याचा आवाज येत होता. मी तशीच सिंकपाशी उभी राहिले आणि ऐकत राहिले. मग ते बशी घेऊन स्वतःच आत आले, म्हणाले, "हिला थोडं नेऊ का? डॉक्टर हो म्हणालेत." मी डब्यात भरून दिलं.

मॅनेजरबाईंनी विचारलं, ही कृती कुणाची? मी म्हटलं आईची. मग जरा वेळानं म्हटलं, खरं म्हणजे बहिणीची. आई करायची ते घरापुरतं. फळ भरायचं डोकं बहिणीचं. त्या म्हणाल्या, इथे आणखी एक बाई घ्यायची आहे, बहीण येते का विचारा.

तर विचारते. तू पडद्याच्या दुकानात शिलाई मशीनवर बसतेस असं कळलं. दिवसभर पडद्यांच्या खालच्या कडा दुमडतेस. वाईट काम नाही, काम कुठलंच वाईट नसतं. पण तुझ्या लेकीनं हेही सांगितलं की घरी तू स्वयंपाकाला हात लावत नाहीस, खानावळीचा डबा आणतेस. हे ऐकून मला कसंतरीच झालं. ज्या हातांनी पावाच्या कडांचंसुद्धा काहीतरी केलं ते हात डबा उघडतात?

मी तेव्हा एवढंच म्हणाले होते की सगळं कालच्या पावाचं आहे. त्यात आईचाच मान होता. लोकांना कळलं नाही हा लोकांचा दोष. त्यांच्यापायी तू दुकान बंद केलंस, गाव सोडलंस, माझ्याशी बोलणं टाकलंस. बघ विचार करून.

ताई

२३ फेब्रुवारी

चिठ्ठी मिळाली.

'तू कालचा म्हणाली नव्हतीस.'

म्हणाले होते. मला चांगलं आठवतं. मला सगळं आठवतं, आठवीतले तुझे गणिताचे मार्कसुद्धा. तू तेव्हा गल्ल्याजवळ होतीस, दुकानात गलका होता, तुला काय ऐकू आलं आणि काय नाही देव जाणे. नऊ वर्षं धरून बसायला तुला एक शब्द मिळाला आणि तोही चुकीचा.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. मी आपली मागे मागे येते आहे, पत्रं लिहिते आहे, नोकरी देते आहे. यापुढे लिहीत नाही. टोपडं आता मला येतं.

१ मार्च

शेपटे,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येऊन बसले. सहा दिवस झाले, नीट जेवले नाही. तुझे भावोजी काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांना सगळं कळलं आहे. त्यांना कळलं नसतं तर ते बोलले असते.

मी 'शिळा' म्हणाले होते.

आता लिहिलं आहे तर सगळं लिहिते. खोडायचं नाही असं ठरवून बसले आहे.

तू दुकान उघडलंस त्या दिवशी मी सकाळी सातपासून तिथे होते. चाळीस वाडगी मी धुतली, पुसली, आतून लोणी लावलं. तू मला सांगितलं नव्हतंस, मी आपण होऊन आले होते आणि मला आनंद झाला होता. हे खरं आहे, तेवढं तरी धर. मग लोक यायला लागले. काचेच्या कपाटात आईच्या सगळ्या गोष्टी मांडलेल्या, टोपडी, थरांचं भाजलेलं, चुऱ्याच्या वड्या, आणि वर पाटीवर तुझं नाव. लोक तुझा हात हातात घेत होते. मी मागच्या दारात ओल्या हातांनी उभी होते आणि मनात म्हणत होते, मला पण येतं हे. मी हिच्याआधी सहा वर्षं शिकले.

तेवढ्यात गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, जरा पाणी आणता का?"

त्यांना मी कामाची बाई वाटले. वाटणारच, माझा अवतारच तसा होता. त्यांचा काही दोष नाही. पण तू ऐकलंस आणि हसलीस. मला वाटलं तू सांगशील, अहो ही माझी ताई. तू हसलीस आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागलीस. दोन सेकंदांचं हसणं. तुला आठवतही नसेल. गर्दीत गडबडून हसली असशील, हे मला आज कळतं. तेव्हा कळलं नाही.

मी पाणी आणलं. ट्रे त्यांच्यापुढे धरला आणि दुकानाच्या मधोमध उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "खा, खा, सगळं शिळ्या पावाचं आहे. आमच्या घरात काही वाया जात नाही."

'कालच्या' हा शब्द ओठावर आला होता, शेपटे. मी तो गिळला आणि दुसरा काढला. जिभेला हाड नसतं म्हणून सुटून गेला असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. पण तो सुटला नव्हता. मी निवडला होता. चष्म्याच्या दुकानवाल्यांची बायको चमचा तोंडाशी नेत होती, तिनं तो परत बशीत ठेवला. ते मी पाहिलं आणि मला बरं वाटलं. किती वेळ बरं वाटलं म्हणशील तर तू माझ्याकडे बघेपर्यंत.

त्याच संध्याकाळी घरी आईच्या कानावर गेलं आणि तिनं मला विचारलं, "तू नक्की कोणता शब्द वापरलास?" मी म्हटलं, कालचा. आई बरं म्हणाली आणि कूस बदलून झोपली. गेली तीही हेच खरं धरून, किंवा खरं धरल्यासारखं दाखवून. ती गेली त्या वेळेला तू आलीस, दोन तास बसलीस, माझ्याकडे न बघता गेलीस. तेव्हा मी चारचौघांत म्हणाले, बघा, कशी आहे. तेही माझ्याच तोंडानं.

पाच महिन्यांत दुकान बंद झालं. त्याला इतर कारणंही असतील, मला ती शोधायची नाहीत.

मी चुकले असं लिहिलं तर फार छोटं वाटतं. मी जाणूनबुजून केलं आणि मग नऊ वर्षं तूच तिरसट आहेस असं सगळ्यांना सांगत फिरले. माझं काम इतकंच लिहायचं होतं. नोकरीचं विसर. उत्तर नाही पाठवलंस तरी मी समजेन.

ताई

१९ मार्च

शेपटे,

या वेळी दोन वाक्यं. माझी बढती झाली.

'पत्रात कुणीही शरण येतं. तेव्हा दुकानात सतरा माणसं होती.'

आधी वाटलं, अगं, आता नऊ वर्षांनी? वरातीमागून घोडं. लोक मला वेड्यात काढतील. तुझ्या भावोजींना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "हिशोब बरोबर आहे तिचा. बोललीस सतरांपुढे आणि माफी मागतेस एकीची." मग ते उठले आणि माझ्या चपला पुसून दारात ठेवल्या. लग्नानंतर पहिल्यांदा.

सतरा माणसं आठवायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. तिघं आता नाहीत. चौघं गाव सोडून गेली. एक कोण होतं ते काही केल्या आठवेना, निळा शर्ट एवढंच आठवतं. तुला आठवत असेल तर कळव, त्याच्याकडेही जाईन. राहिली नऊ. मी रोज काम संपल्यावर एकेकाच्या दारात गेले.

आधी मुख्याध्यापिकांकडे. त्या आता काठी घेऊन चालतात. मी बाहेरच उभी राहून सगळं सांगितलं. त्यांना दुकान आठवलं, टोपडं आठवलं, मी काही आठवले नाही. म्हणाल्या, "पण मी यायचं थांबवलं ते साखर निघाली म्हणून." मला सुटल्यासारखं वाटेल असं त्यांना वाटलं असावं. मी म्हटलं, तरीही बाई, तो शिळा नव्हता. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "पाणी मी मागितलं होतं का तुमच्याकडे?" मी म्हटलं, ते राहू द्या. त्यांनी मला आत बसवलं आणि काठी टेकत जाऊन स्वतः पाणी आणलं. मला ते पाणी प्यायला फार जड गेलं.

केस कापायच्या दुकानात तर तमाशाच झाला. दोन गिऱ्हाइकं खुर्चीवर, एकाच्या तोंडाला फेस. मी सांगितलं. कापणारा हातातला वस्तरा तसाच धरून म्हणाला, "शिळा तर शिळा. मी दर शनिवारी मागच्या दारानं नेत होतो. बायकोला सांगू नका, ती म्हणायची दुकान बंद पडायला आलंय, तू कशाला जातोस." म्हणजे तुझं एक गिऱ्हाईक शेवटपर्यंत होतं. मला हे कुठे माहीत होतं? फेसवाल्या माणसानं विचारलं, आता कुठे मिळतं ते?

एका घरी दार अर्धं उघडलं आणि बाई म्हणाल्या, "नऊ वर्षांनी तुम्हाला वेळ मिळाला?" आणि दार लावलं. बरोबरच होतं त्यांचं. मी थोडा वेळ जिन्यात बसले आणि खाली आले. बाकीच्यांचं सांगत बसत नाही. कुणी हसलं, कुणाला काही आठवलंच नाही, एकानं मला चहा पाजून त्याच्या भावाशी असलेलं भांडण ऐकवलं.

चष्मेवाल्यांच्या बायकोला मी शेवटी ठेवलं होतं, कारण तिचीच भीती होती. तिला सगळं आठवत होतं. मी सुरुवात करायच्या आत ती म्हणाली, "मी चमचा खाली ठेवला होता." म्हणाली, घरचंच माणूस सांगतं आहे म्हणजे खरंच काहीतरी असणार, असं वाटलं. मग तिनं चार जणींना सांगितलं. त्या चौघींनी आणखी कुणाकुणाला. "मलाही कधीतरी जाऊन तिला सांगायचं होतं," म्हणाली, "पण मग ते दुकानच दिसेना."

आणि काल दुपारी ती वसतिगृहावर आली. मी वाढत होते. साठ माणसं जेवत होती. म्हणाली, मला ते खायचं आहे. मी बशीत टोपडं दिलं. तिनं बसायचंही नाकारलं, उभ्या उभ्या पहिला चमचा तोंडात घातला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तेव्हा मला कळलं की दारोदार फिरले तरी मी सगळं एकेकाच्या कानातच सांगितलं आहे. तुझ्या दुकानात मी कुजबुजले नव्हते.

मग मी पळी टेबलावर आपटली. सगळे बघायला लागले. मी म्हणाले, "तुम्ही जे गोड खाताय ते कालच्या पावाचं आहे. ती कृती माझ्या धाकट्या बहिणीची आहे. तिचं यावर दुकान होतं आणि मी भरल्या दुकानात त्याला शिळं म्हणाले, कारण तिचं कौतुक मला बघवलं नाही. एवढंच सांगायचं होतं. जेवा." 

ही माणसं स्वतःच्याच काळजीत असतात गं, त्यांना माझं काय. चमचे पुन्हा वाजायला लागले. मॅनेजरबाई दारात वही घेऊन उभ्या होत्या, त्यांनी वही मिटली. ते आजोबा मात्र उठून आले. त्यांच्या बायकोला परवा घरी सोडणार आहेत. म्हणाले, "बहीण आहे ना अजून? मग बरं आहे."

चष्मेवाल्यांच्या बायकोनं बशी संपवली. "छान आहे," म्हणाली, "पण तिच्यासारखं नाही."

मी म्हटलं, नाहीच.

आणि शेपटे, ते म्हणताना मला काही झालं नाही. पोटात कुठे दुखलं नाही. मी शोधून बघितलं.

ताई

२ एप्रिल, गुरुवार
(स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मिठाच्या बरणीखाली)

शेपटे,

'गुरुवारी येते. एका दिवसासाठी. स्टेशनवर येऊ नकोस.' ठीक. नाही आले. पण घरात पाय ठरेना म्हणून सकाळी सहालाच इथे आले आणि साठ माणसांचं जेवण करून झाकून ठेवलं. दुसऱ्या बाजूच्या मोठ्या पातेल्यांत आहे ते. तेव्हा आज कुणाचं पोट तुझ्यावर अवलंबून नाही, हे आधी सांगते. मॅनेजरबाई आज रजेवर आहेत. मीच त्यांना रजा घ्यायला लावली.

मी इथे नाही हे तुला दिसतंच आहे. मुद्दाम नाही. नऊ वर्षांनी तू भट्टीसमोर उभी राहशील तेव्हा मी मागे असले तर मी बोलेन. मला ओळखतेस ना, मी 'थंड, थंड' म्हणून तुलाच शिकवेन.

क्रेट दाराशी आहेत. काल तेरा पाव उरले. सफरचंदं टोपलीत, दूध आणि अंडी फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात. भट्टीचं दार खालून जरा उचलून ढकलावं लागतं, नाहीतर नीट लागत नाही. वाडगी धुऊन पुसून ठेवली आहेत. लोणी लावलेलं नाही. तुझं तू ठरवशील किती लावायचं ते, किंवा लावायचंच की नाही.

हात चालणार नाहीत अशी भीती तुला वाटते, असं तुझी लेक म्हणाली. तीही मला आता आपण होऊन फोन करते. वाटू दे भीती. टोपडं बसलं तर बसलं. तुझ्या भावोजींना बसलेली टोपडी खायची सवय आहे.

मी रस्त्यापलीकडे इस्पितळाच्या आवारात, कडेच्या बाकावर आहे. तिथून तू दिसत नाहीस, फक्त आपल्या भट्टीचं धुराडं दिसतं, आणि भट्टी मी आज पेटवलेली नाही. धूर निघाला की मी समजेन तू सुरू केलंस, आणि तासाभरानं येऊन तू सांगशील ते काम करीन. धूर निघाला नाही तरी मी बाकावरून उठणार नाही. पर्स उचल, दार ओढून घे आणि रस्ता ओलांडून ये. आपण बाहेर कुठेतरी जेवू. मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

तुझी
ताई